अक्का पळत आली ती चौकट

माझ्या बहिणीची पोरगी हैदराबादेत कार्टून काढायच्या कंपनीत होती. बरीच वर्षं होती. मी लोकांना कौतुकानं सांगायची की आमची पोरगी टीव्हीतले हत्ती-उंदीर काढती, तर लोक विचारायचे, ह्याचा पगार मिळतो व्हय? मिळत होता, चांगला मिळत होता. मग एका वर्षी दसरा झाला आणि ती दोन बॅगा आणि एक काळी प्लास्टिकची पाटी घेऊन बसवकल्याणला आमच्या दारात रिक्षातून उतरली. मी म्हटलं, "किती दिवस सुट्टी गं?" तर म्हणाली, "मौशी, आधी चहा टाक."

चहा पिता पिता तिनं सांगितलं. कंपनीत आता चित्रं मशीन काढतंय. काय पाहिजे ते शब्दांत लिहायचं, की चित्र तयार. बाकी सगळ्यांना घरी पाठवलं आणि दोघांनाच ठेवलं, मशीननं काढलेल्या माणसांची बोटं तपासायला.

"बोटं कामून?"

"कधी कधी सहा येतात, मौशी."

मला हसू आलं. तिला आलं नाही, तेव्हा मी कपबश्या उचलून आत गेले.

ह्या पोरीला आई नाही. आई म्हणजे माझी अक्का, माझी थोरली बहीण. ही दुसरीत होती तेव्हा अक्का गेली. बाप चांगला होता पण फिरतीची नोकरी, त्यामुळं पोरीच्या सगळ्या सुट्ट्या माझ्याकडंच निघाल्या. म्हणून ती दारात उतरली तेव्हा कामून आलीस असं कुणी विचारलं नाही. आमचे हे दुकानातून जेवायला आले, तिला बघितलं आणि म्हणाले, "आली का लेक? बरं झालं, माझं ऐकून घेणारं कुणीतरी आलं घरात." कापड विकून विकून ह्यांना बोलायची सवय, आणि घरात माझ्यापुढं त्यांची पाळी येत नाही.

पण पोरगी बोलायचीच नाही. माडीवरच्या खोलीत पडून राहायची. भाकरी अर्धी ठेवायची. मी वर जाऊन उगाच काहीतरी उचलाउचल करायची आणि खाली यायची. ती काळी पाटी भिंतीला टेकून तशीच उभी. त्या पाटीवर पेनानं रेघ ओढली की ती पाटीवर उमटत नाही, लॅपटॉपमध्ये उमटते. मला ते कधी पटलं नाही, पण आधी सुट्टीला येऊन काढत बसायची तेव्हा तिचा हात बघत राहावासा वाटायचा.

दिवाळीच्या आसपास एक दिवस ती सकाळीच अंघोळ करून, केस घट्ट बांधून स्वयंपाकघरात आली. लहान पोरांना मोबाइलवर गोष्टी दाखवणाऱ्या एका कंपनीनं तिला विचारलं होतं. तीन मिनिटांचा छोटा सिनेमा. गोष्टीच्या पुस्तकासारखा, म्हणजे पान उलटतं आणि पानातलं चित्र हलायला लागतं, तसा. आधी नुसत्या कल्पना पाठवायच्या, चौकटी चौकटी काढून, खाली दोन ओळी लिहून. आवडल्या तर सिनेमा तिनं हातानं काढायचा, आणि पुढं गावाकडच्या गोष्टींचं सगळं कामच तिला. मशीन नाही, हातानं, असं त्यांनी कबूल केलं होतं.

"आन् न्हाई आवडल्या तर?"

"तर पेन ठेवून देते, मौशी. कुटंतरी काउंटरवर बसते."

ती हे असं म्हणाली की जसं कुणी म्हणावं, मीठ संपलंय.

मग म्हणाली, "तू मला चित्रं सांग."

"मी? मी आयुष्यात रांगोळीचे ठिपके सोडून काय काढलं न्हाई गं."

"काढू नको. बोल. डोळ्यापुढं काय येतंय ते बोल. पण गोष्ट सांगू नको हं, नुसतं चित्र."

बाहेरून ह्यांचा आवाज आला, "हिला चित्र विचारू नको पोरी! एका चित्राला अख्खं महाभारत लावती!"

"तुमी दुकानाला जावा हो," मी म्हटलं.

तर असं सुरू झालं. मी चुलीपुढं, म्हणजे आता गॅसपुढं, भाकरी थापायची आणि ती पाटावर बसून पाटी मांडीवर घ्यायची. पहिल्या दिवशी मी विहीर सांगितली, पिंपळ सांगितला, माकडवाला सांगितला. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हे सगळ्यांचंच असतंय, मौशी." मला राग आला. म्हटलं, माझ्याकडं सगळ्यांपेक्षा वेगळं काय असणार? देवानं मला वेगळा पिंपळ दिला व्हय?

मग पुस्तक उघडायचं कसं, ह्यावर अडलं. ती म्हणाली, सगळे जुनं जाड पुस्तक दाखवतात, सोनेरी अक्षरांचं, वाऱ्यानं पान उलटणारं. म्हटलं, आपल्याकडं कुठाय असलं पुस्तक? आपल्याकडं आहेत त्या बिलांच्या चोपड्या. आणि बोलता बोलता मी तव्यावरची भाकरी फुगलेली काढली, तिचा पापुद्रा दोन बोटांनी उचलला तूप सोडायला, भसकन वाफ आली.

ती म्हणाली, "थांब. तसंच धर."

बोटं भाजायलीत म्हटलं तरी ऐकेना. "मौशी, पान हेच. पापुद्रा उचलायचा, वाफ येती, वाफ विरती आन् आत चित्र. दुसरं पान, दुसरी भाकरी. भाकरीवरचे काळे डाग म्हणजे ढग करू."

त्या दिवशी तिनं दोन भाकरी खाल्ल्या. मी ह्यांना संध्याकाळी तेवढंच सांगितलं, बाकी काही सांगितलं नाही.

पान झालं, आता पानात घालायचं काय? मी म्हटलं, येळवस घाल. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, छोटी झोपडीच म्हणा. तिच्यात पाच दगड मांडतात, त्यांना चुना फासतात, वर कावेचे, म्हणजे गेरूचे, तांबडे ठिपके देतात. ते पांडव. त्यांची पूजा करून भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील खायची, ह्याच्या शेतातून त्याच्या शेतात जेवत हिंडायचं, आणि दिवस मावळायला लागला की हेंडगा, म्हणजे वाळल्या कडब्याची मशाल, पेटवून पिकाभोवती पळत फिरवायचा आणि घरी यायचं. पोरगीनं लहानपणी हे बघितलंय. म्हणाली, "चांगलंय, पण त्यात होतंय काय? कुणाला तरी काहीतरी व्हायला पाहिजे."

"मला झालं होतं की," मी म्हटलं. "मला विसरून आले होते."

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, ह्याचं मलाच नवल वाटलं. एवढी मी बोलणारी. पण अक्का गेल्यावर मी अक्काच्या गोष्टी तिच्यापुढं काढायचं बंद केलं होतं, रडेल म्हणून. मग सवयच झाली.

मी पाच-सहा वर्षांची असेन. आमचं शेत हुलसूरच्या बाजूला, गावापासून बरंच आत, ओढ्यापलीकडं. दोन बैलगाड्या होत्या, एक आमची, एक चुलत्याची. दुपारी इतकी आंबील प्याले की कोपीत पांडवांच्या मागं, जिथं आईनं चादर टाकली होती, तिथं झोपले. येळवशीला पोरं कुणाच्याही शेतात जेवतात, कुणाच्याही गाडीत बसतात, त्यामुळं कोण कुणाला मोजतंय? अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, वाटलं मी चुलत्याच्या गाडीत, चुलत्याला वाटलं आमच्या. हेंडगा फिरवला, विझवला, गाड्या गेल्या.

जागी झाले तर अंधार.

"कसला अंधार?" पोरीनं विचारलं. "काळा?"

मी विचार करून म्हटलं, "न्हाई, काळा न्हाई. वांग्यासारखा. वांग्याला चमक असती बघ जांभळी, तसला." जोंधळा उभा होता, त्याच्या पानांवर कुठूनतरी उजेड यायचा, अमावस्येला कुठून यायचा कुणास ठाऊक, चांदण्यांचाच असेल. कोपीच्या पेंढ्यांतून बारीक बारीक फटी दिसायच्या. आणि पुढं पाच पांढरे. चुना लावलेले दगड अंधारात तेवढेच दिसायचे. मला वाटलं पाच माणसं माझ्याकडं पाठ करून बसलीत आणि वळत नाहीत. मी त्यांना म्हटलं, मी झोपले होते, मला सोडून गेले. ती वळली नाहीत. मग मी कन्नडमध्ये सांगितलं, वाटलं ह्यांना मराठी कळत नसेल.

पोरगी पहिल्यांदा मोठ्यानं हसली. पाटीवर तिचा हात इतका भरभर चालला होता की मी भाकरी करपवली.

"मग कोण आलं?"

"तुझी आई आली," मी म्हटलं.

हात थांबला तिचा.

अक्का तेव्हा दहा-अकराची. आम्ही दोघी एकाच गोधडीत झोपायचो. घरी गेल्यावर गोधडी अंथरली आणि माझी जागा मोकळी. आई म्हणाली चुलत्याच्या घरी असेल, अप्पा म्हणाले बघून येतो, आणि अक्का तोवर निघालीच होती. वाटेतल्या कुणाच्या तरी शेतात निखारे होते, त्यावर तिनं कडब्याची पेंढी पेटवली. माणसं मागून कंदील घेऊन आली, पण ती सगळ्यांच्या पुढं. मला कोपीतून काय दिसलं तर जोंधळ्याच्या वर एक आग पळत येतेय. आगीखाली माणूस नाही, नुसती आग. मग जोंधळा संपला, धुरा, म्हणजे शेताचा बांध, आला आणि आगीखाली अक्का आली.

"कशी दिसायली होती?" पोरीनं विचारलं. "नीट सांग. सगळं सांग."

तिच्याकडं आईचा एकच फोटो आहे, लग्नातला, आणि त्यात अक्काची मान खाली, पदर कपाळावर. लहानपणीचा फोटो तर कुणाचाच नाही. तेव्हा आम्ही तोंड बनवायला बसलो. तीन-चार दिवस तेच.

"नाक असं?"

"न्हाई, जरा बसकं."

"माझ्यासारखं?"

"तुझं तुझ्या बापाचं हाय. त्याला काय करायचं आता."

"डोळे?"

"मोठे न्हाईत. बारीक. पण हसली की मिटून जायचे. आन् वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. ओठ मिटला तरी तेवढा दिसायचा."

पळताना अक्का परकराचा काठ दातात धरायची. हेंडगा एका हातात, अंगापासून लांब, ठिणग्या पडू नयेत म्हणून, आणि दुसऱ्या हाताची मूठ छातीवर. आम्ही लिंगायत, सगळ्यांच्याच गळ्यात लिंग बांधलेलं असायचं, पांढऱ्या फडक्यात. पळताना ते उड्या मारतं, म्हणून ती मुठीत घट्ट धरून पळायची. कुठंही पळताना तशीच, शाळेला जाताना, पाण्याला जाताना. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हिच्या छातीत दुखतंय.

हे सांगितल्यावर पोरीनं एक चौकट काढली आणि लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. मी चष्मा पुसला. परत पुसला. जोंधळ्यातून निघालेली पोर, दातात परकर, छातीवर मूठ, आणि हेंडग्याचा उजेड एकाच गालावर. मी म्हटलं, "अगं, हीच." अक्काला जाऊन इतकी वर्षं झाली, ती माझ्यापुढं मोठी होऊन, आजारी पडून, पांढरी पडून गेली. त्या सगळ्याच्या आधीची अक्का माझ्याशिवाय कुणाकडंच नव्हती, आणि आता ती स्वयंपाकघरात होती. पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तिच्याकडं बघत बसली. आपल्यापेक्षा लहान झालेल्या आपल्या आईकडं.

मला वाटलं, झालं आता. आता हिला कोण नको म्हणतंय?

त्या कंपनीचा माणूस लॅपटॉपवर बोलायला आला तेव्हा मी दाराआड उभी होते. गोड बोलायचा. पापुद्र्याचं पान बघून तर वा वा करायला लागला. मग म्हणाला, पांडव पत्थर क्यों हैं? बच्चे कैसे समझेंगे? पाँच राजा बनाते हैं, मुकुट वगैरह.

पोरीनं समजावलं की दगड वळत नाहीत, बोलत नाहीत, तेच तर भीतीचं आहे. तो म्हणाला, पत्थर में एक्सप्रेशन नहीं आता ना. मला राहवलं नाही. मी पीठ भरल्या हातानं आत गेले आणि आमच्या हिंदीत म्हटलं, "साब, हमारे इधर पांडव पत्थरच रहते. उनकू चुना लगाते. मुकुट-बिकुट नक्को. पाँच राजे साथ में बैठे तो वो बच्ची कायकू डरती?"

"आंटीजी बहुत स्वीट हैं," तो म्हणाला आणि हसला. पोरीनं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले, पण ओठ हसत होते.

मग त्यानं विचारलं, बहिणीच्या जागी मोठा भाऊ केला तर? मशाल लेके भागता हुआ, थोड़ा हीरो जैसा लगेगा.

"नहीं," ती म्हणाली. एवढंच. तिचा तसला आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकला.

तोही अडून बसला नाही. म्हणाला, ठीक आहे, तुम्ही प्रत्येक चौकटीखाली सगळं सविस्तर लिहून पाठवा. रंग, उजेड कुठून, कपडे, चेहरा, कोण कुठं उभं. जितकं लिहाल तितकं चांगलं.

आम्हाला काय आनंद! कुणीतरी विचारतंय की वांग्याचा जांभळा म्हणजे कसला. आम्ही लिहीत बसलो. मी बोलायची, ती त्यांच्या भाषेत लिहायची, मग मला परत मराठीत वाचून दाखवायची, आणि मी म्हणायची, "ओढ्याचं राहिलं की गं." कडबा पेटला की आधी कसा तडतडतो, चुन्यावर बोटांचे फराटे कसे राहतात, आंबिलीच्या मडक्यावरचं फडकं ओलं झालं की कुठल्या रंगाचं दिसतं. आमचे हे म्हणाले, "आता महाभारत चालतंय व्हय?" आणि स्वतःच बसून बैलांच्या शिंगांच्या गोंड्यांचं सांगायला लागले. तेही लिहिलं.

पाठवलं. मग थांबलो.

येळवस आली. भावाचा फोन आला, शेतात या म्हणून. पोरगी म्हणाली, "तुमी जावा, रेंज न्हाई तिकडं, त्यांचा फोन आला तर?" म्हणून कुणीच गेलो नाही. मी घरीच भज्जी केली. शेतातली भज्जी घरात लागत नाही. फोन आला नाही.

संक्रांतीच्या आधी दोन ओळींचं उत्तर आलं. कल्पना फार आवडली, पुढचं काम आता आमच्याकडं आतच होईल, सहकार्याबद्दल आभार.

"आतच म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"म्हणजे मशीन," ती म्हणाली. "मी लिहिलंय ना सगळं. तेच घालायचं."

मला कळायला वेळ लागला. ती बसून होती आणि मी तिच्या तोंडाकडं बघत होते आणि मग मला कळलं की त्यांना चौकटी नकोच होत्या, खालचं लिहिलेलं पाहिजे होतं. हातानं काढायचं कबूल केलं होतं ना, म्हटलं. ती म्हणाली, "कबूल तोंडानं केलं होतं, मौशी."

हे चिडले. कधी न चिडणारा माणूस. "केस करू आपण. ओळखीचा वकील हाय."

"कशावर करता काका? भाकरीवर?"



सिनेमा होळीच्या सुमारास आला. तीच घेऊन आली माझ्याकडं, मोबाइल पुढं धरला, "बघ." मी म्हटलं नको, तर म्हणाली, "बघ मौशी, मला एकटीला बघायचं न्हाई."

भाकरी होती. गुबगुबीत, पुरीसारखी, वर लोणी वितळतंय. पापुद्रा उचलला गेला, वाफ आली, सगळं जसंच्या तसं, वाफ विरली आणि आत एक गोरी पोरगी, डोळे एवढाले. अंधार जांभळा होता. कोप होती, पण तिला दार आणि खिडकी. पाच राजे बसले होते मुकुट घालून आणि पोरीकडं बघून हसत होते. आणि मग जोंधळ्यावरून आग पळत आली. इतकी सुंदर पळत आली की माझ्या अंगावर काटा आला, तशीच, आगीखाली कुणी नाही, नुसती आग. जोंधळा संपला. आगीखालून एक पोरगा निघाला. उंच, गोरा, कपाळावर केस उडतायत. दात सगळे एका ओळीत. एक हात छातीवर, मूठ मिटलेली. मुठीत काहीच नाही. शूर माणूस जसा छातीवर हात ठेवतो तसा.

"मूठ ठेवली त्यांनी," पोरगी म्हणाली.

मी तिचा हात धरला. खाली लाखो लोकांनी बघितल्याचं आणि बदाम पाठवल्याचं दिसत होतं. कुणीतरी लिहिलं होतं, माझा भाऊ आठवला. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

त्या आठवड्यात मी तिला म्हटलं, "अगं, त्यांचं जाऊ दे. आपल्यापुरतं काढ. तुझ्या आईची ती चौकट तेवढी कागदावर काढून दे, मी देव्हाऱ्याशेजारी लावते."

"पुसून टाकलं, मौशी."

"सगळं?"

"सगळं. बघितलं की मला त्यांचंच दिसायलंय. मी काढलेल्या आईच्या तोंडावर तो पोरगा येतोय."

मी तिला बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले, असं कसं पुसलीस, मला विचारलं का, माझी बहीण होती ती. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुझ्या डोळ्यापुढं तर हाय ना? माझ्या कुटं होती कधी?"

गुढीपाडवा झाल्यावर ती गुलबर्ग्याला गेली. फरशीच्या दुकानात लागली आहे. गिऱ्हाईक आपल्या घराचा फोटो देतं, ती कॉम्प्युटरमध्ये दाखवते, ही फरशी तुमच्या हॉलमध्ये कशी दिसेल, ती कशी दिसेल. एक बटण दाबलं की होतं, असं म्हणाली. मालक चांगला आहे, अण्णा म्हणतात सगळे त्याला, शनिवारी लवकर सोडतो. काळी पाटी इथंच आहे, माडीवर. मी एकदा तिला विचारलं, पाठवून देऊ का एसटीनं. म्हणाली, राहू दे.

आता माझं सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मला रात्री झोप कमी. पडल्या पडल्या मी जुनं काहीबाही आठवत असते, आणि अक्का येळवशीला पळत आली ते तर मी आयुष्यभर आठवत आले, बाळंतपणात आठवलं, अक्काच्या मयतीच्या दिवशी आठवलं. तेव्हा वैशाखात एका दुपारी पडले होते, उकडत होतं, आणि मी डोळे मिटून कोपीत जाऊन बसले. पेंढ्यांच्या फटी आल्या. आग आली जोंधळ्यावरून. धुरा आला. आणि आगीखालून तो पोरगा आला.

मी उठून बसले. पाणी प्याले. परत पडले, परत सुरुवातीपासून. गाड्या गेल्या, जागी झाले, आग आली आणि तोच आला, केस उडवत. मग मी मोठ्यानं बोलून बघितलं, नाक बसकं, डोळे बारीक, दात चढलेला, परकराचा काठ दातात. शब्द सगळे बरोबर येतात. एकही चुकत नाही. पण शब्दांमागं तोंड येत नाही. पोरगीनं काढलेली चौकटही येत नाही. बारीक डोळे म्हटलं की नुसते बारीक डोळे येतात, कुणाचेही.

तेव्हापासून बऱ्याचदा करून बघितलं. मोठी अक्का येते, आजारातली अक्का येते, दवाखान्यातल्या कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडलेली स्पष्ट येते. शेतातली येत नाही.

परवा पोरीचा फोन आला होता. मी जेवण विचारलं, तिनं ह्यांच्या गुडघ्याचं विचारलं. मग म्हणाली, "मौशी, आईचं काहीतरी सांग ना. असंच. पळतानाचं सांग."

मी सांगितलं. नाक, डोळे, दात, परकर, मूठ, सगळं सांगितलं, आवाज नीट ठेवून. ती तिकडं ऐकत होती, मागं दुकानातला पंखा वाजत होता.

"अजून सांग," ती म्हणाली.

"एवढंच गं," मी म्हटलं. "गॅसवर दूध ठेवलंय, बघते." दूध ठेवलेलं नव्हतं.